पाठीवरचे पंजे

त्या वर्षी खेळाच्या बाईंनी पहिले पंधरा दिवस आम्हाला मैदानावर पाऊलसुद्धा ठेवू दिलं नाही. "आधी एकमेकींच्या वेण्या घाला," म्हणाल्या.

मी तडकलेच. मला तडकायला फार काही लागत नाही, आजही नाही. मी तोंडावर विचारलं, "बाई, दिवाळी झाली का अकोल्याले सामने हायेत. तिथं का आपल्या वेण्या पायनार हायेत?"

बाई अमरावतीच्याच. नऊवारीचा काष्टा, गळ्यात शिट्टी आणि आवाज असा, की रस्त्यावरची बैलगाडी थांबावी. पण त्या दिवशी शांतपणे म्हणाल्या, "ज्या पोरीची पाठ तुले ठाऊक नाही, तिले तू खो कसा देशील व?"

मी आणखीच फुगून बसले.

साठ साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. अमरावतीतल्या एका कॉलेजचा आमचा मुलींचा खो-खोचा संघ. जुन्यांपैकी निम्म्या त्या उन्हाळ्यात लग्न होऊन गेल्या होत्या, ऐन भरात खेळणाऱ्या मुली, आणि त्यांच्या जागी नव्या आल्या होत्या. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. होस्टेलवर नावापेक्षा गावानं हाक मारायची पद्धत होती, मीही तसंच सांगते. अकोलेकर आमची कप्तान, जुनी, उंच आणि फटकळ. अंजनगाववाली नवी. घरचा मळा, भाजी आणि फुलं विकणारं कुटुंब, आणि तोंडाला क्षणाचीही उसंत नाही. आणि हिवरखेडवाली, तीही नवी, माझ्याच खोलीत राहायला आलेली. ती धावायची तेव्हा पायांचा आवाज येत नसे. छप्पन साली घरच्यांनी दीक्षा घेतली, आपण बौद्ध आहोत, हे तिनं पहिल्याच दिवशी ट्रंक खाली ठेवता ठेवता सांगून टाकलं. कुणी विचारायच्या आत. वडील गावात पोस्टमन आहेत हेही त्याच दमात.

तर वेण्या. होस्टेलच्या मागच्या अंगणात कडुनिंबाखाली सकाळी आम्ही एकीमागे एक अशा बसायचो. मागचीनं पुढचीची वेणी घालायची. अगदी शेवटच्या मुलीची बाई स्वतः घालायच्या, आणि त्या इतक्या आवळून घालत की भुवया वर ओढल्या जात. रोज जागा बदलायच्या, म्हणजे रोज नवी पाठ. खोबरेल तेलाची एकच बाटली रांगेतून पुढे सरकायची. अंजनगाववाली दर सोमवारी गावाहून शेवंतीची फुलं आणायची आणि प्रत्येकीच्या वेणीत खोचत, सगळ्या जगाच्या गोष्टी सांगत रांगेतून फिरायची. कुणाच्या डोक्यात ऊ सापडली की सारी रांग किंचाळत उठायची. चार दिवसांत माझा फुगा फुटला. मला मजा यायला लागली, आता खोटं कशाला बोलू!

फक्त हिवरखेडवाली रोज वेणी घालूनच यायची. आम्ही उठायच्या आत तिची आंघोळ, वेणी, सगळं आटोपलेलं. "माही झाली घालून," म्हणायची आणि दुसरीची सुरेख घालून द्यायची. स्वतःच्या डोक्याला मात्र हात लागू देईना. अंजनगाववालीनं फूल दिलं तर हातात घेऊन शर्टाच्या खिशात ठेवायची.

"भल्ली शिष्ट हाय तुही खोलीवाली," अकोलेकर मला म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं.

मग मैदान सुरू झालं आणि खरी कटकट सुरू झाली. खो-खो कुणाला सांगायला नको, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. रांगेत बसलेलीच्या मागून येऊन पाठीवर पंजा टेकवायचा आणि त्याच वेळी 'खो' म्हणायचं. नुसतं तोंडानं म्हणून चालत नाही, नुसता हात लावूनही चालत नाही. दोन्ही झालं तरच बसलेलीनं उठायचं. आमच्या खेळात हिवरखेडवालीला खो मिळाला की हटकून फाऊल! बाकी कुणी दिला तर तो कधी आमच्या लक्षात यायचा, कधी नाही. पण अंजनगाववालीनं दिला की साऱ्यांना दिसायचाच. हात पाठीला लागलेलाच नसायचा.

आता असं बघा, एक मळेवाल्यांची पोर, दुसरी बौद्धाची, आणि पहिलीचा हात दुसरीच्या पाठीला लागत नाही. आमच्याकडे याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. तीन दिवस सगळ्यांनी गिळलं. चौथ्या दिवशी अकोलेकर मैदानाच्या मधोमध कडाडली.

"तोंडानं खो म्हनतं अन् हात मांगं घेतं! झिजते काय व तुहा हात?"

"मी काहून मांगं घेऊ? मी तं लावालेच जातो," अंजनगाववाली रडकुंडीला आली. आमच्याकडे बायाही 'मी जातो, मी येतो'च म्हणतात. "तिची पाठच सापडत नाई मले!"

"पाठ का उडून जाते?"

"माह्या मायची शप्पथ घेऊन सांगतो..."

"शप्पथ घेऊ नोको. हात लाव!"

अंजनगाववाली मैदानातच फतकल मारून रडायला लागली. दोघी तिच्या बाजूनं झाल्या, तिघी अकोलेकरच्या, आणि संध्याकाळच्या जेवणाला आमच्या संघाची दोन टोकांना दोन पंगती बसल्या. हिवरखेडवाली कुठल्याच पंगतीत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीवर आले तर ती ट्रंक भरत होती.

"हे काय व?"

"मी जातो घरी." आवाजात रडं नाही, काही नाही. "माह्यामुळं तुमची टीम फुटून राहिली."

"घरी जाऊन करशील काय?"

"मामानं स्थळ पाहून ठेवलं हाय. मी कालेजात हावो म्हून थांबून हायेत थे लोकं."

मी ट्रंकेवर बसले. तेव्हा कुठे ती बोलायला लागली. तिची आई अकोल्याला सामना बघायला येणार होती. हिवरखेडहून अकोला एसटीनं तसं जवळच. वडिलांना सुटी नव्हती, पण त्यांनीच आईला सांगितलं होतं, तू जाय, पोरगी कशी खेळते ते नीट पाहून ये अन् मले सांग. आईनं आजवर कुठलाच खेळ पाहिला नव्हता. "आता तिले काय सांगू?" ती म्हणाली. खोटं नाही सांगत, त्या क्षणी मला ती बहिणीसारखी वाटली, आणि शिष्ट म्हणणाऱ्या अकोलेकरचा असा राग आला की काही विचारू नका.

ट्रंकेला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि तरातरा बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "उद्या सगळ्या जनी पांढरे शर्ट घालून या."

पांढरा शर्ट नि निळी सलवार हा आमचा सामन्याचा पोशाख. सरावाला कुणी तो घालत नसे, कारण मैदानावर लाल मुरूम होता आणि धुणं ज्याचं त्याला. दुसऱ्या दिवशी बाईंनी पुरता डाव खेळवला. मग शिट्टी वाजवून आम्हाला ओळीनं पाठमोऱ्या उभ्या केल्या.

घामाचे हात आणि मुरूम. प्रत्येकीच्या पाठीवर लाल पंजेच पंजे. माझ्या पाठीवर तर कुणी भिंत सारवावी तसे. आणि मध्ये हिवरखेडवालीची पाठ, परटाकडून आत्ताच आलेली असावी तशी पांढरीफेक.

"पाहा," अकोलेकर म्हणाली, "सांगतलं नव्हतं मी?"

"तू चूप बस," बाई म्हणाल्या. "यात आठ जनींचा एकीचाबी हात नाही. साऱ्याच का हात मांगं घेता? तुहाबी नाही दिसत मले."

अकोलेकरनं स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. ते तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. आमच्याही नाही.

बाईंनी हिवरखेडवालीला एकटीला रांगेतल्या जागेवर बसवलं. अंजनगाववालीला मागून धावत यायला सांगितलं आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "हाताकडे पाहू नका. बसलेल्या पोरीकडे पाहा."

अंजनगाववाली आली. हात पुढे काढला, तोंड उघडलं, 'खो'तला 'ख' जेमतेम बाहेर पडला, आणि समोर पाठच नव्हती! हिवरखेडवाली उठून चार हात पुढे गेलेली. अंजनगाववालीचा पंजा हवेत तसाच राहिला. बाईंनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. हात अगदी पाठीला टेकणार तोच ती निसटायची. इतक्या चटकन, की शेजारी उभं राहूनही कळत नव्हतं.

अंजनगाववाली खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाली, "मी म्हनत होतो न व बाई!"

बाई हिवरखेडवालीच्या पुढ्यात उकिडव्या बसल्या. "तू काहून उठतं व अगुदर?"

"आवाज आला का उठाचं न, बाई."

"अन् हात?"

तिला प्रश्नच कळेना. मग तिनं सांगितलं. सांगताना तक्रारीचा सूर नव्हता, गावाकडे नदी कुठून वळते ते सांगावं तसं. त्यांच्या शाळेत तिला खो देताना पोरी हात लावत नसत. लांबून आवाज द्यायच्या. मास्तर फाऊल धरत नसे. आवाज आल्याबरोबर उठायचं, उशीर झाला तर पोरी रागावायच्या. "म्हून मी जल्दी उठाले शिकलो. हात येत असते, हे मले मालूमच नव्हतं."

अकोलेकर मैदानाच्या पार कडेला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. माझे डोळे भरून आले आणि मला संताप आला, त्या मास्तरचा, त्या पोरींचा, सगळ्यांचाच, आणि कुणावर ओरडावं ते कळेना. तिचा वेग पाहून आम्ही तोंडात बोटं घालत होतो, आणि तो वेग आला होता तो यातून.

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं मान आत ओढली, पण बाईंनी हात काढला नाही. "धावणं तुले कोणी शिकवाची गरज नाही," म्हणाल्या. "तू बसनं शिक. हात येईपर्यंत बसून राय. येते हात. तू वाट पाय."

मग माझ्याकडे वळल्या. "उद्यापासून हिची वेणी तू घालशील. आवळून घालू नोको."

पहिल्या दिवशी तिची मान अशी ताठ, की मला वाटलं मी खांबाला वेणी घालते आहे. कंगवा लागला की खांदे वर. मी तेल लावलं, गुंता सोडवला, आणि तोंडानं काहीबाही बडबडत राहिले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीच बोलायला लागली. वडील पत्रं वाटायला जातात तेव्हा काही लोक हातात घेतात, काही म्हणतात ठेव तिथं ओट्यावर. मग ते ठेवतात आणि दोन पावलं मागे सरतात. "बाबा कदी बोलत नाई त्याच्यावर," ती म्हणाली. मी वेणीला पेड घालत राहिले. अंजनगाववाली शेजारी फुलं निवडत बसली होती, तिनं मुकाट्यानं एक शेवंती उचलली आणि माझ्या हातात न देता स्वतःच तिच्या वेणीत खोचली. थोड्या वेळानं मात्र हळूच म्हणाली, "माह्या मायले वेणीचं सांगू नोका हं. थे डोक्यावून पानी घ्याले लावन मले." आम्ही तिघीही हसलो. हसू आलं खरं, पण ते सगळं हसण्यासारखं नव्हतं, हेही तिघींना कळत होतं.

पुढची युक्ती माझी, बाईंची नव्हे. श्रेय सोडायची मला सवय नाही. हिवरखेडवालीला अंगणात डोळे मिटून बसवायचं. एकेकीनं न बोलता मागून यायचं आणि पाठीवर हात ठेवायचा. आवाज अजिबात नाही. तिनं हात कुणाचा ते ओळखायचं, आणि ओळखल्याशिवाय उठायचं नाही. सुरुवातीला ती चाहूल लागली की निम्मी उठायची. हळूहळू बसायला लागली. अंजनगाववालीचा हात मळ्यात काम करून खरखरीत, तो पहिला ओळखता आला. माझा गरम, "तापट बाईचा हात गरमच," म्हणाली, कारटी. बाईंचा जड. एक दिवस अकोलेकर आली. झाल्या प्रकाराबद्दल ती कुणाशी अवाक्षर बोलली नव्हती, माफी मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं हात ठेवला आणि काढलाच नाही. हिवरखेडवालीनं केव्हाच ओळखला असणार, पण तीही बोलेना. शेवटी म्हणाली, "अकोलेकरताई हाये." तेव्हा अकोलेकर नाक ओढत आत निघून गेली.

बाईंनी नऊजणी निवडल्या, त्यात हिवरखेडवालीचं नाव होतं. ट्रंकेची किल्ली मी परत दिली.

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याला पोचलो. मैदानाभोवती ही गर्दी! पोरी खेळणार म्हटल्यावर गावातले रिकामे पोट्टे झाडून आलेले. त्यांना एक खोडी सुचली होती. आमची मुलगी रांगेपाशी आली की ते बाहेरून मोठ्यांदा ओरडायचे, "खोऽऽ!" बसलेली फसून उठली की फाऊल, आणि मग टाळ्या-शिट्ट्या. आमच्या दोघी फसल्या. पंच पोट्ट्यांना दटावत होते, पण ऐकतं कोण! माझा जीव नुसता टांगणीला. मी मनात म्हणत होते, ही तर आवाजावरच वाढलेली. आता हिचं कसं होणार!

हिवरखेडवाली आपल्या जागी बसली होती, गुडघे दुमडून, नजर खाली. समोरच गर्दीच्या कडेला तिची आई उभी होती, डोक्यावर पदर, काखेत भाकरीचं गाठोडं. डावाचे शेवटचे काही क्षण उरले. त्यांची शेवटची पळणारी मुलगी खांबाकडून वळली आणि पोट्टे एका दमात ओरडले, "खोऽऽ!" हिवरखेडवाली हलली नाही. पुन्हा ओरडले. तिची मान ताठ झाली, बोटं मुरुमात रुतली, पण ती बसून राहिली. आणि मग अंजनगाववाली मागून आली आणि "खो!" म्हणून असा पंजा हाणला की आवाज मला पल्याड ऐकू आला. तेव्हा उठली ती. उठली काय, सुटली! त्या मुलीला दोन पावलंसुद्धा मिळाली नाहीत.

आम्ही जिंकलो. सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडलो, आणि अकोलेकरनं तिला उचललंच.

तिची आई हळूहळू आत आली. लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, मग तिची पाठ पाहून थबकली. "माय व! हे काय लागलं तुह्या शर्टाले?" म्हणत पदरानं झटकायला लागली.

"झटकू नोको, आई," ती म्हणाली. "हात हायेत थे."

"कोनाचे?"

"सगळ्याईचे."

आईचा पदर थांबला. तिनं एकेका पंज्याकडे पाहिलं. मग स्वतःचा हात त्यातल्या एकावर ठेवून पाहिला, बोटावर बोट. पंजा मोठा होता, बोटं आखूड. "हा कोनाचा?"

अंजनगाववाली माझ्यामागे लपत होती, मी तिला पुढे ढकललं. "माहा हाय, मावशी," ती म्हणाली. "जोरात बसला काय व?"

मावशीनं अंजनगाववालीचा हात धरला, उलटा करून तळवा पाहिला, मुरुमानं माखलेला, आणि कितीतरी वेळ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

निघायची वेळ झाली तेव्हा मावशी बाईंसमोर जाऊन उभी राहिली. "बाई, हा शर्ट मी संगं नेतो. हिच्या बाबाले दाखोतो."

पोशाखाच्या बाबतीत बाई कर्दनकाळ. "अन् उद्या काय घालून खेळन हे?"

"माहा हाय न दुसरा," अंजनगाववाली म्हणाली. "घालन थे."

बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी आम्ही हरलो. अंजनगाववालीचा शर्ट हिवरखेडवालीला खांद्यात घट्ट होत होता, आणि संध्याकाळपर्यंत त्याचीही पाठ लाल झाली.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी आम्ही मावशीला एसटीवर सोडायला गेलो. कंडक्टर म्हणाला, गाठोडं वर टाका, बाई, जागा हाय. मावशी नाही म्हणाली. पाठ आत जाईल अशी शर्टाची घडी करून, पंजे पुसले जाऊ नयेत म्हणून मध्ये भाकरीचं फडकं घालून तिनं ते गाठोडं मांडीवर घेतलं, आणि गाडी सुटली तरी त्याच्यावरचा हात काढला नाही.